माझी रेफरन्स लायब्ररी मी तीनदा हलवली

६,४१२ नोंदी. अकरा वर्षांच्या. आणि त्यांच्या पाठीशी साधारण १४ जीबी पीडीएफ. हे सगळं एका रेफरन्स मॅनेजरमधून (पेपर-पुस्तकांच्या नोंदी आणि संदर्भ सांभाळणारा प्रोग्राम) उचलून दुसऱ्यात टाकायचं होतं आणि मला वाटलेलं शनिवारी सकाळी बसले तर जेवायच्या आत होईल. पुढचे पाच आठवडे गेले त्यात. रोज नाही, पण डोक्यात रोज तेच.

जुन्या प्रोग्रामचं नाव मुद्दाम घेत नाही, भांडण नाहीये माझं त्याच्याशी, अकरा वर्षं चाललाच की. लायसन्स संस्थेचं होतं आणि माझं तिथलं काम संपत आलेलं, एवढंच कारण. झोटेरो नावाच्या दुसऱ्या रेफरन्स मॅनेजरवर जायचं ठरवलं कारण फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून टिकून आहे आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सगळा डेटा आपल्याच मशीनवर एका एसक्यूलाइट फाइलमधे, म्हणजे एकाच फाइलीतल्या डेटाबेसमधे बसतो, शेजारी एक स्टोरेज नावाचं फोल्डर, त्यात पीडीएफ. फोल्डर उचललं की लायब्ररी उचलली. हे मला आमच्या लॅबमधल्या ज्युनियरने सांगितलं आणि तेव्हाच खरं तर तिचं पुढचं वाक्यपण ऐकायला हवं होतं, ते होतं "पण ताई, आधी पंचवीस नोंदी टाकून बघा." मी हो हो म्हटलं आणि ६,४१२ टाकल्या.

पहिल्या वेळी बिबटेक्स फाइल (संदर्भांची साधी टेक्स्ट फाइल) काढली, कारण मी लेखनासाठी लेटेक वापरते, त्यात हीच फाइल लागते, ओळखीचं वाटलं. एक्सपोर्ट, मग झोटेरोत इम्पोर्ट, पाऊण तास हिरवी पट्टी सरकत होती, शेवटी आकडा बघितला तर ६,४१२ च्या ६,४१२. मी चहा करून आले. एकदम खूश. मग एका चालू पेपरमधे सहज एक सायटेशन टाकलं, तर काय यावं? 'फूड अँड ऑर्गनायझेशन, २०१०'.

दोन मिनिटं कळेचना हे कोण. मग पेटली. फूड अँड ॲग्रिकल्चर ऑर्गनायझेशन, युनोची ती संस्था, तिचा रिपोर्ट. बिबटेक्समधे दोन लेखकांच्या मधे 'अँड' लिहितात, तो शब्द म्हणजेच सेपरेटर, त्यामुळे झोटेरोला वाटलं हे दोन लेखक आहेत. एक फूड आणि एक ॲग्रिकल्चर ऑर्गनायझेशन, ज्याचं पहिलं नाव ॲग्रिकल्चर आणि आडनाव ऑर्गनायझेशन. संस्थेच्या नावाला बाहेरून अजून एक महिरपी कंस घातला तर असं होत नाही पण एक्सपोर्ट करताना तो कंस कोणी घातलाच नव्हता. माझ्याकडे सरकारी आणि संस्थांचे रिपोर्ट साडेतीनशेच्या आसपास, त्यातल्या ज्याच्या ज्याच्या नावात 'अँड' त्याची फाळणी झालेली. एका मंत्रालयाचे तर तीन तुकडे.

म्हटलं सोडा बिबटेक्स, आरआयएस करू. आरआयएस वाचायला सोपं असतं, साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरांची खूण. टीवाय म्हणजे नोंदीचा प्रकार, एयू म्हणजे लेखक, पीवाय वर्ष, डीओ म्हणजे डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक), एल१ म्हणजे पीडीएफ कुठे आहे तो पत्ता, आणि ईआर आलं की नोंद संपली. लेखकाला प्रत्येकी वेगळी एयू ओळ, त्यामुळे 'अँड'ची भानगडच नाही.

इथे माझी स्वतःची चूक. एल१ मधले पत्ते जुन्या लॅपटॉपवरच्या ड्राइव्हचे होते, ते नव्या मशीनवर सापडणार कसे, म्हणून मी आरआयएस फाइल एका जुनाट टेक्स्ट एडिटरमधे उघडली आणि फाइंड-रिप्लेस मारलं. बरोबर होतं ते, तसंच करायचं असतं, पीडीएफ सगळ्या छान चिकटल्या नंतर. पण सेव्ह करताना एन्कोडिंगकडे, म्हणजे फाइलमधे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत तिकडे, बघितलं नाही. फाइल युटीएफ-८ होती, एडिटरने ती दुसरंच काहीतरी समजून उघडली आणि मी तशीच सेव्ह केली. इम्पोर्टनंतर इंग्रजी नोंदी ठणठणीत, आणि देवनागरीतल्या सगळ्या, दोनशेच्या वर होत्या, त्यांच्या शीर्षकात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यापुढे चार शिंगांचं एक गोल चिन्ह, परत तो ए, परत ते शिंगवालं, अशी लांबच लांब माळ. ज्यांना देवनागरी टेक्स्ट असं फुटलेलं बघायची सवय आहे त्यांना ही माळ लांबून ओळखू येते. फ्रेंच-जर्मन लेखकांच्या नावांचंही तेच, ज्या ज्या अक्षरावर टिंब नाहीतर रेघ ते फुटलं.

बरं, उपाय काय? परत मूळ फाइल काढायची, धड एडिटरमधे उघडायची, खाली कोपऱ्यात युटीएफ-८ लिहिलंय ना ते बघायचं, मगच हात लावायचा. पाच मिनिटांचं काम. पण तोपर्यंत मी अजून एक शहाणपणा करून बसले होते.

सिंक चालू होतं.

म्हणजे पहिल्या प्रयत्नातला फूड अँड ऑर्गनायझेशनचा माल आणि त्यावर दुसऱ्या प्रयत्नातली शिंगं, असं बारा हजारांच्या वर नोंदींचं गाठोडं सर्व्हरवर गेलं आणि तिथून माझ्या दुसऱ्या मशीनवर उतरलं. ज्युनियरला फोन केला तर म्हणाली "ताई, सिंक बंद नव्हतं केलंत?" काय सांगणार. तर आता सांगते, कोणी करणार असाल तर आधी सेटिंग्जमधे जाऊन ऑटोमॅटिक सिंकची खूण काढा, झोटेरो बंद करा, डेटाचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, मग इम्पोर्ट. बिघडलं तर बिघडलेलं फोल्डर उडवून जुनं परत ठेवायचं, झालं, काही घडलंच नाही. सिंक चालू असेल तर मात्र सर्व्हर प्रेमाने सगळा कचरा परत आणून देतो. मला शेवटी सगळं पुसून सर्व्हरसकट कोरी पाटी करावी लागली.

कोऱ्या पाटीसमोर बसल्यावर मग पहिल्यांदा शांतपणे विचार केला की माझं नक्की काय हलवायचंय. कारण शीर्षक, लेखक, वर्ष, जर्नल हे सगळं जगात कुठेही मिळतं, डीओआय टाकला की झोटेरो स्वतःच आणून देतो, दहा डीओआय एकदम पेस्ट केले तरी आणतो. ते हरवलं तर हरवलं. जे फक्त माझ्याकडे होतं ते म्हणजे कुठला पेपर मी कुठल्या फोल्डरमधे ठेवला, कुठल्या ओळीखाली पिवळं केलं, समासात काय खरडलं आणि कधी वाचलं. आणि गंमत अशी की नेमकं हेच बिबटेक्स किंवा आरआयएसमधून येत नाही. फोल्डर ही कल्पनाच त्या फॉरमॅटमधे नाही. प्रोग्रामचा दोष नाही तो, फाइल संदर्भांसाठी बनवलीये, वाचणाऱ्यासाठी नाही.

फोल्डरांची युक्ती सोपी निघाली. फोल्डर जात नाहीत पण कीवर्ड जातात, केडब्ल्यू नावाची ओळ असते. मग जुन्या प्रोग्राममधे एकेक फोल्डर उघडायचं, सगळं सिलेक्ट करायचं आणि त्या सगळ्यांना एक कीवर्ड लावायचा, 'फो' असं सुरुवातीला आणि पुढे फोल्डरचं नाव. माझी ८३ फोल्डर होती, दोन संध्याकाळी. इम्पोर्टनंतर झोटेरोत डावीकडे खाली त्या टॅगवर क्लिक केलं की तेवढ्याच नोंदी दिसतात, ओढून कलेक्शनमधे (झोटेरोतलं फोल्डर) टाकायच्या. ८३ मधली २० तर परत केलीच नाहीत, 'नवीन', 'नवीन २', 'बघायचे', 'बघायचे खरंच' असली नावं होती, ती टॅग म्हणूनच मरू दिली. आणि झोटेरोत एकच नोंद चार कलेक्शनमधे ठेवता येते, कॉपी होत नाही, ते बघितल्यावर माझ्या निम्म्या फोल्डरांची गरजच संपली.

तारखेचं मात्र उशिरा लक्षात आलं. झोटेरोत 'डेट ॲडेड' कॉलम लावला तर सगळ्या ६,४१२ नोंदींवर एकच दिवस, एकाच संध्याकाळचा. साहजिक आहे, त्याच्याकडे त्या त्याच दिवशी आल्या. पण मी पेपर शोधते तो असाच, की तो कोण तो बाई, आपण पहिला प्रोजेक्ट करत होतो तेव्हा वाचलेला, त्याच्या आधी ते दोन रिव्ह्यू होते. लेखक आठवत नाही, शीर्षक आठवत नाही, आजूबाजूचे पेपर आठवतात. ती रांगच गेली. तिसऱ्या वेळी मी जुन्या प्रोग्राममधे तारखेप्रमाणे लावून दर वर्षाच्या गठ्ठ्याला 'वाचन-२०१४', 'वाचन-२०१५' असे कीवर्ड लावले. दिवस गेले, वर्षं वाचली. आणि पीडीएफ कॉपी करताना फाइलची मूळ तारीख टिकेल अशी कॉपी केली, म्हणजे अगदीच वेळ आली तर तिथून काढता येईल.

पिवळ्या ओळी हा सगळ्यात वाईट भाग होता.

जुन्या प्रोग्राममधे मी जे हायलाइट करत होते ते पीडीएफच्या आत जातच नव्हतं, वेगळ्या डेटाबेसमधे साठत होतं आणि उघडताना वरून दाखवत होतं. मी पीडीएफचं फोल्डर उचललं, झोटेरोत जोडलं, माझा सगळ्यात चोळामोळा केलेला पेपर उघडला, ज्याच्या मेथड्सच्या पानावर मी तीन रंगात रेघोट्या ओढलेल्या आणि बाजूला 'इथे सँपल साइझ बदलतो, का??' असं लिहिलेलं, तर पान पांढरंशुभ्र. प्रकाशकाने दिलं तसं. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

मार्ग एकच होता, जुन्या प्रोग्राममधून प्रत्येक पीडीएफ 'हायलाइटसकट' वेगळी एक्सपोर्ट करायची, तेव्हा ती पिवळी रेघ खरोखर फाइलमधे छापली जाते. आणि ते एकेक करून. पाच हजार फाइलींना कोण बसणार, म्हणून आधी यादी केली की खरंच खुणा कशात आहेत, तर निघाल्या १,१००, त्यातल्या निम्म्या म्हणजे पहिल्या पानावर एक उत्साही रेघ आणि पुढे काही नाही. त्या सोडल्या. शेवटी ५४० फाइली हाताने काढल्या, रोज रात्री चाळीस-पन्नास, कानात काहीतरी लावून. फाइल, एक्सपोर्ट, हो, पुढची. काही पेपर उघडल्यावर थांबून वाचतच बसले, २०१६ सालची मी समासात बरीच आगाऊ होते असं दिसतं, एका मोठ्या माणसाच्या पेपरवर 'काहीही' एवढंच लिहिलंय.

झोटेरोत या खुणा दिसतात पण त्यांच्यावर छोटं कुलूप असतं, कारण त्या फाइलच्या आत आहेत आणि झोटेरोच्या स्वतःच्या खुणा त्याच्या डेटाबेसमधे असतात. फाइल मेनूत 'इम्पोर्ट ॲनोटेशन्स' आहे, ते केलं की कुलूप निघतं, मग त्या बदलता येतात, नोट म्हणून एकत्र काढता येतात. म्हणजे बघा, मी एका डेटाबेसमधून खुणा सोडवल्या आणि दुसऱ्या डेटाबेसमधे भरल्या. हे कळल्यावर हसू आलं. पण झोटेरोतून परत पीडीएफमधे छापून बाहेर काढता येतात आणि एकदम अनेक फाइलींच्या काढता येतात, त्यामुळे पुढच्या वेळी ५४० फाइलींसाठी रात्री नकोत. सहा महिन्यांनी एकदा काढून ठेवायच्या असं कॅलेंडरवर टाकलंय.

तिसऱ्या प्रयत्नात शेवटी ज्युनियरचं ऐकलं. पंचवीस नोंदी, आणि त्याही सरळ नाही, मुद्दाम सगळ्यात वाकड्या निवडलेल्या. फूड अँड ॲग्रिकल्चरचा रिपोर्ट, दोन मराठी पुस्तकं, एक जर्मन थीसिस, संपादित पुस्तकातलं एक प्रकरण, दोन पीडीएफ असलेली एक नोंद, शीर्षकात खाली उतरलेला दोन असलेला कार्बन डायऑक्साइडवाला पेपर, लेखकच नसलेला एक कायदा. या पंचवीस धड आल्या की बाकीच्या येतात. चार वेळा करावं लागलं, प्रत्येक वेळी दोन मिनिटं. थीसिस 'जर्नल आर्टिकल' होऊन येत होते, कारण मीच जुन्या प्रोग्राममधे आळसाने तसा प्रकार ठेवलेला, ते तिथेच सुधारले. मग सगळी फाइल एकदम न देता ईआर ओळींवर तोडून पाचशे-पाचशेचे गठ्ठे केले, म्हणजे अडलं तर कुठे अडलं ते कळतं.

लेटेकच्या कींचं (सायटेशन टाकायला प्रत्येक नोंदीला दिलेलं छोटं नाव) काय, तर आरआयएसमधे त्या टिकतील यावर मी विसंबले नाही. थीसिसची जी बिब फाइल होती ती आहे तशी गोठवून थीसिसच्या फोल्डरमधे ठेवली, तिला आता कोणी हात लावायचा नाही. नव्या लेखनासाठी बेटर बिबटेक्स नावाचं प्लगइन टाकलं आणि की कशी बनवायची त्याचा नमुना एकदा ठरवून टाकला. हे नाही केलं तर काय होतं ते एका मित्राकडे बघितलंय, कंपाइल केल्यावर अख्ख्या प्रकरणात जिथे तिथे प्रश्नचिन्हं.

वर्डच्या फाइलींचं थोडक्यात सांगते कारण आठवलं तरी वैताग येतो. वर्डमधलं सायटेशन म्हणजे नुसता मजकूर नसतो, आत प्रोग्रामचा कोड असतो आणि तो ज्याचा त्यालाच कळतो. छापून झालेल्या पेपरांना हात लावला नाही. एक पेपर मात्र अर्धवट होता, ११६ सायटेशन, ती एकेक काढून परत घातली, दीड दिवस. पेपर सबमिट करून मग शिफ्ट झाले असते तर काय बिघडलं असतं? काही नाही.

डुप्लिकेटचा कारभार तुलनेने मजेचा. झोटेरो डावीकडे 'डुप्लिकेट आयटम्स' दाखवतो, शीर्षक, डीओआय, आयएसबीएन बघतो, वर्ष आणि लेखकही ताडतो. नऊशेच्या आसपास जोड्या. मर्ज केलं की दोन्हीकडचे टॅग, कलेक्शन, नोट्स एकत्र येतात, त्यातलं काही जात नाही, म्हणून मी धडाधड बटण दाबत सुटले आणि तिथेच फसले. एका जर्नलच्या संपादकांनी वर्षभरात लिहिलेली सहा संपादकीयं, सगळ्यांचं शीर्षक 'एडिटोरियल', लेखक तोच, वर्ष तेच. सहाची एक केली मी. कचरापेटीत सापडली नशिबाने. प्रीप्रिंट (छापून येण्याआधी खुला केलेला मसुदा) आणि छापील पेपर यांचं उलटं, तिथे प्रकार वेगळा असला तर मर्ज करूच देत नाही, आधी प्रकार सारखा करा म्हणतो, आणि मला ते आवडलं, कारण दोन्ही वेगळे ठेवायचे की नाही हा विचार माणसाने करायला हवा, कधी कधी प्रीप्रिंटमधला आकडा छापताना बदललेला असतो.

आणि एक गोष्ट जी मी मागितलीच नव्हती. सगळं आत आल्यावर दुसऱ्या दिवशी डावीकडे एक नवीनच ओळ दिसायला लागली, 'रिट्रॅक्टेड आयटम्स'. झोटेरो २०१९ पासून रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, डेटाबेसशी आपल्या नोंदी ताडून बघतो आणि तसा पेपर असेल तर त्याच्यावर लाल पट्टी लावतो. माझ्याकडे सात निघाले. पाच कधी वापरलेच नव्हते. सहावा एका भाषणाच्या स्लाइडमधे. सातवा माझ्या त्या ११६ सायटेशनवाल्या अर्धवट पेपरात होता, दुसऱ्या परिच्छेदात, 'असे दिसून आले आहे' या वाक्याला टेकू म्हणून. दीड दिवस हाताने सायटेशन घालताना मी तोही मन लावून परत घातलेला. वाक्यच काढलं.

पीडीएफ कुठे ठेवायच्या यावर बराच खल केला. झोटेरोची फुकट जागा ३०० एमबी आहे, १४ जीबीपुढे चिमूटभर. नोंदींचं सिंक फुकटच आहे, प्रश्न फक्त फाइलींचा. मी फाइली लिंक करून, म्हणजे झोटेरोत नुसता पत्ता देऊन, क्लाउडच्या फोल्डरमधे ठेवल्या, सेटिंग्जमधे बेस डिरेक्टरी (मुख्य फोल्डर कुठलं ते) सांगून टाकली, म्हणजे दुसऱ्या मशीनवर ड्राइव्हचं नाव वेगळं असलं तरी पत्ता जुळतो. एसक्यूलाइटची फाइल मात्र क्लाउडच्या फोल्डरमधे टाकायची नाही, दोन मशीनवरून एकदम लिहिलं गेलं की डेटाबेस खराब होऊ शकतो. लिंक केलेल्या फाइली अनेकांनी मिळून वापरायच्या ग्रुप लायब्ररीत चालत नाहीत, हा तोटा मला माहीत होता, आणि आमच्या ग्रुपला लागणारे दीडशे पेपर मी तिथे वेगळे अपलोड केले. दुसरं कोणी सरळ पैसे भरून जागा घेईल, त्यातही काही चूक नाही.

आत्ता लायब्ररीत ५,३८७ नोंदी आहेत. डुप्लिकेट गेल्या, थोड्या मीच उडवल्या. 'तपासायचं' टॅगखाली अजून ६४ आहेत, बहुतेक स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफ, त्यात टेक्स्टच नाही, त्यामुळे झोटेरोला पहिल्या पानावरून काही ओळखता येत नाही, हाताने भरायच्यात. जुना लॅपटॉप कपाटात आहे, जुना प्रोग्राम त्यात तसाच, लायसन्स संपलं तरी वाचायला उघडतो. गेल्या आठवड्यात एकदाच काढला, त्या रांगेसाठी, एका पेपरच्या आधी मी काय वाचलं होतं ते बघायला. मिळाला. चार्जर मात्र दोन तास शोधत होते.